पक्क्या रंगाची खोड

आमच्या घरी रंगाची परीक्षा एकाच पद्धतीने व्हायची. बाबा मानपाड्याला कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात ऑपरेटर होते. कधी नमुन्याची पुडी घरी आणली, की मीठ-सोड्याच्या गरम पाण्यात ती कालवून सुताची लडी बुडवायची आणि नंतर नळाखाली तीनदा धुवायची. पाणी नितळ आलं तर रंग पक्का. नाही तर बाबा लडी माझ्याकडे टाकत म्हणायचे, बाहुलीला घे.

पुढे मीही रंगच करायला लागले, पण जिवंत पेशींसाठी. बाळकुमला आमची लहानशी प्रयोगशाळा आहे. पेशीत शिरून तिच्या केंद्रकाला चिकटणारे आणि प्रकाश पडला की चमकणारे रेणू मी तिथे घडवते. पेशी न मारता तिच्या आत काय चाललंय ते बघायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि नेमकी तिथेच मी माती खाल्ली.

दीड वर्ष खपून केलेला रेणू पेशींवर टाकला. सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशी लखलखत होत्या, बाकीच्या जेमतेम दिसत होत्या. मी त्या तीनदा धुतल्या. चमक तसूभर कमी झाली नाही. मी एवढी हरखले की आधी बाबांना फोन लावला आणि पक्का जमला म्हणून सांगून टाकलं. मग जीवशास्त्र बघणाऱ्या सहकारी मैत्रिणीला बोलावलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"अगं, ज्या चमकतायत ना, त्या सगळ्या मेलेल्या आहेत."

मेलेल्या पेशीचं आवरण फाटतं, मग कुणीही आत शिरतं. जिवंत पेशी माझ्या रेणूला दारातच उभं करत होती. मला भयंकर लाज वाटली. रंग सुटू नये म्हणून मी त्याला विद्युतभाराची दोन शेपटं लावली होती, आणि त्या भारामुळेच जिवंत पेशी त्याला आत घेत नव्हती. असलं खूळ रंगवाल्याच्या पोरीलाच सुचणार.

पण दोन दिवसांत लाज मागे पडली आणि एकच प्रश्न डोक्यात भुणभुणायला लागला: जिवंत पेशी आत घेते तरी कुणाला? शेपटं काढली. मात्रा इतकी कमी केली की बाटलीतलं पाणी गुलाबी आहे की नाही, यावर आमचा वाद झाला. केंद्रकाला घट्ट धरून बसणारा रंग पेशीला दुभंगूच देत नाही, हेही तेव्हा कळलं. आता हवा होता हलक्या हाताने धरणारा.

त्या नव्या रंगाची फिल्म मोबाइलवर घेऊन मी डोंबिवलीला घरी गेले. बाबांनी चष्मा लावला.

"फिका आहे."

मी समजवायला लागले, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. पडद्यावर पेशी मधोमध आवळत गेली आणि एकीच्या दोन झाल्या. फिल्म संपली तरी बाबा मोबाइल सोडेनात.

"मग ह्या दोघी जगल्या का?"

"जगल्या बाबा. दुसऱ्या दिवशीही होत्या."