आईने शिवलेली बंडी

काश्मीरमधल्या एका नाल्याच्या वर आमची पोस्ट होती आणि मी सेक्शन कमांडर होतो. नाल्यातून घुसखोर येणार अशी खबर मिळाली की आम्ही बर्फात अ‍ॅम्बुश लावायचो. जवान त्याला शिकारीला बसणं म्हणत. या शिकारीत गोळीचं काम क्षणाचं, थंडीचं काम दिवसभराचं. आता मी राहतो त्या सुरतेत हे कुणाला समजावणं कठीण जातं. इथे थंडी पडली म्हणजे पंखा पाचवरून तीनवर येतो.

लोकांना वाटतं, जाड कपडा घातला की झालं. तसं नसतं. अंगाला लागून पातळ इनर, त्यावर लोकरीची जर्सी, सगळ्यात वर वारा अडवणारा कोट. चढताना कोट आणि जर्सी पाठीवरच्या पिठ्ठूत ठेवायची, जागेवर बसलं की अंगात घालायची. निघताना जो कुडकुडतो तो शहाणा, कारण चढताना त्याला घाम येत नाही. बर्फात घामासारखा वैरी नाही, आणि सुती कपडा तो घाम पिऊन बसतो. नव्या पोरांना मी हे इतक्यांदा सांगायचो की ते मागून माझी नक्कल करत. नक्कल सगळ्यात छान करायचा तो ईश्वर.

ईश्वर माझ्या सेक्शनमधला शिपाई, माझ्यासारखाच खानदेशचा. वडील सुरतेच्या उधन्यात लूमवर कामाला होते. पोरगा हसरा आणि चढायला चिवट. त्या वर्षी तो श्रावणात, कानबाई देवीच्या सणाला, सुट्टीवर घरी गेला होता. आईने त्याच्यासाठी गावाकडची रुई, म्हणजे कापूस, भरून बंडी शिवली, कानबाईपुढे ठेवली, मग त्याच्या अंगात घातली आणि थंडीत अंगावरून उतरवू नको म्हणून बजावलं. आमच्याकडचा माणूस साहेबाचा हुकूम एकवेळ टाळेल, कानबाईपुढे ठेवलेली वस्तू टाळणार नाही. हिवाळा लागल्यावर ईश्वरने ती बंडी इनरच्याही आत, थेट अंगाला लागून घालायला सुरुवात केली. हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

त्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. बर्फ गुडघाभर होता. चढून जागा धरल्या आणि सगळ्यांनी जर्सी, कोट चढवले. दुपारी बर्फ पडायला लागला. ईश्वर माझ्या शेजारी होता. बराच वेळ तो कापत होता, मग कापायचा थांबला. ते लक्षण मला बरं वाटलं नाही. थोड्या वेळाने तो हातमोजे काढू लागला, म्हणाला गरम होतंय. थंडी फार आत शिरली की माणसाला असं वाटतं. मी रेडिओ उचलला.

"एक जवान सीरियस. नीचे ला रहा हूँ. ओव्हर."

"रास्ता बंद है. वहीं गरम रखो. ओव्हर."

कोट उघडला, जर्सी आणि इनर वर केलं, तेव्हा बंडी दिसली. घामाने पिळली तर धार लागेल इतकी ओली, आणि अंगाला अशी घट्ट की निघेना. मी चाकूने ती कापली. माझी जर्सी त्याच्या अंगात घातली, दोन जवानांनी त्याला मधे घेऊन मिठीत धरलं. मी त्याचे हात माझ्या काखेत धरले होते. त्याने डोळे उघडले आणि एवढंच बोलला, "उस्ताद, बंडी फाडी हाई आईले सांगू नका."

दिवस मावळायच्या आत तो गेला. नाल्यात त्या दिवशी कुणी आलंच नाही.

घरी कळवलं गेलं ते खरंच होतं, की ईश्वर बर्फात गेला. बंडीचं मी कधी बोललो नाही. रिटायर झाल्यावर मीही उधन्यात राहायला आलो, एका कापड मार्केटमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झालो. ईश्वरची आई, द्वारकामावशी, आता थोरल्या मुलाकडे भेस्तानला असते. दर कानबाईला मी तिथे प्रसादाचे रोट खायला जातो.

यंदा तिचा नातू दीपक फौजेचं ट्रेनिंग संपवून घरी आला. पोस्टिंग पहाडात मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो, तर पोरगा बाजारात गेला होता आणि मावशी पंख्याखाली बसून बंडी शिवत होती. रुई दुप्पट भरली होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "ईश्वरले तेवढी रुई पुरनी नही, भाऊ. याले जास्त भरस."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. बोलावं तर इतकी वर्षं जपलेलं या माउलीच्या पदरात पडणार. गप्प बसावं तर दीपक हीच अंगाला लावून बर्फात चढणार. मी तिच्याजवळ खाली बसलो. घामाचं सांगितलं, सुती कपड्याचं सांगितलं. ईश्वरचं नाव घेतलं नाही.

"मावशी, हाई आंगले लाईसन घालानी नही. पिठ्ठूमा ठेवानी. चढीसन बठना म्हणजे मंग, जर्सीवर."

ती ऐकत राहिली. हातातली सुई थांबली होती. मग तिने कात्री घेतली आणि दोन्ही बगलांची शिवण उसवायला लागली. जर्सीवर बसायची तर सैल हवी, असं काहीतरी पुटपुटली. एक बाजू पूर्ण उसवून झाली, तेव्हा वर न बघताच म्हणाली,

"ईश्वरनी बंडी मी लई तंग शिवेल व्हती."

तिने नवा दोरा घेतला, पण तो सुईत जाईना. मी सुई तिच्या हातातून घेतली आणि ओवून दिली.