गुळाच्या कपाटाचं कुलूप

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांना साखरेचा आजार आणि मला रागाचा, त्यामुळं बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत रोज सकाळी बोटाला सुई टोचताना वातावरण तापलेलंच असायचं.

रात्री भाकरी-भाजी खाऊन झोपायचे, तरी उपाशीपोटी मशीनवर आकडा चढलेला. मला एकच कारण दिसत होतं, कन्नड गावच्या आत्यानं पाठवलेली गुळाची ढेप. दादा म्हणायचे, "बोट बी लावलं नाय म्या." शेवटी मी गुळाच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली.

वाळूजच्या कंपनीत त्यांनी तीस वर्षं काढली. रोज सुटताना गेटवर दोन्ही हात वर करून झडती द्यायची. एकदाही काही निघालं नाही, याचा त्यांना फार अभिमान. कुलूप त्यांनी बघितलं. पाणी पिऊन स्वयंपाकघरातून बाहेर येताना ते दारात थांबले आणि हात वर केले. पुढं रोजच तसं करायला लागले.

"नाटकं बंद करा, दादा," मी म्हटलं.

मग एका संध्याकाळी ते जेवलेच नाहीत. "आता बघ सकाळी," म्हणाले. सकाळी आकडा आणखी वर. बाहेर जाऊन चोरून गोड खाता म्हणून मी तोंडाला येईल ते बोलले आणि तक्रार घेऊन त्यांना शहागंजच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "जेवलं की लिव्हर जादा साखर साठवून ठेवतं," ते म्हणाले, "आणि पोट रिकामं असलं की त्यातली थोडी थोडी रक्तात सोडतं. साठा कमी पडला तर नवी बनवतं. यांच्या लिव्हरला 'आता पुरे' हा निरोप नीट पोचत नाही. उपाशी ठेवू नका. गोळी मी बदलून देतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. परतीच्या बसमध्ये त्यांच्याकडं बघवेना. घरी आल्या आल्या कुलूप काढलं. ढेपेवरचा कागद आत्यानं बांधलेल्या सुतळीसकट तसाच होता. तो एकदा बघावा, एवढंही मला सुचलं नव्हतं.

"चुकलं माझं, दादा."

"ऱ्हाऊ दे. लई भूक लागली, वाढ."

मी ताटं घेतली. ते पाणी प्यायला आत गेले आणि बाहेर येताना दारात थांबून त्यांनी हात वर केले. या वेळी त्यात टोमणा नव्हता. त्यांना सवय लागली होती, स्वतःच्याच घरात.