गोमलीबाईचं मीठ

गेल्या महिन्यात दारव्ह्याहून पत्र आलं... गोमलीबाई गेली. फोनवर तुमच्या बाबाला सांगितलं. तुम्ही नातवंडांनी मागून विचारलंत, "आजी, ही कोण?" म्हणून हे लिहिते आहे.

१९५८ साली तुमचे आजोबा दारव्ह्याच्या कचेरीत होते. मी नागपूरहून बी.ए. होऊन आलेली, आणि तुमचा बाबा दीड महिन्यांचा. गोमलीबाई जवळच्या बंजारा तांड्यावरून दूध घालायला येई. माझ्याच वयाची, पण तीन लेकरांची आई. माझ्याजवळ बाळाच्या संगोपनाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. दर चार तासांनी पाजावं, मध्ये रडलं तरी उचलू नये, असं त्यात सांगितलेलं. मी ते वेळापत्रक नीट आखून भिंतीवर लावलं होतं. बाळ रडे आणि मी घड्याळाकडे बघत बसे. सासूबाई म्हणत, "शिकलेल्यांना पान्हासुद्धा इंग्रजीतून फुटतो वाटतं!" खरं मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं... बाळाकडे पाहून मला काहीच वाटत नव्हतं.

एका सकाळी गोमलीबाई उशिरा आली. "पहिलारू गाय व्याली, बाई. वासराले लाथा मारून राह्यली."

"काय ही आई!" मी म्हटलं.

"असं नका म्हनू जी. नवी हाये, भेली हाये. धामण अंडी घालते अन् चालली जाते. तिचे पिल्लं उपजतच शहाणे. टिटवी माळावर उघड्यावरच अंडी घालते, पन बैल आला तर पंख फुलवून त्याच्यापुढं उभी राह्यते. जसं पिल्लू, तशी त्याची माय."

"आणि जिला काहीच वाटत नाही, ती?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "चाला माह्यासंगं."

तांड्यावर तिनं वासराच्या ओल्या पाठीवर मूठभर मीठ चोळलं आणि त्याला गाईपुढे ढकललं. गाय फुरफुरली, हुंगली, आणि मग मिठासाठी चाटू लागली. पाठ स्वच्छ झाली, तरी थांबेना. वासरू चाचपडत कासेला लागलं. गाईनं पाय हलवला नाही.

"मीठ तर संपलं," मी म्हटलं.

"मंग? ते सुरू करापुरतंच असते." परतताना तिनं विचारलं, "लेकराले तेल कोन लावते?"

"सुईण येते."

"उद्यापासून तुमी लावा. अन् रडलं का घ्या. वासरू काय घड्याळ पाहून पेते?"

अक्षर न शिकलेल्या त्या बाईनं माझं दुखणं ओळखलं, आणि ते कधी कुणाजवळ बोलली नाही. मी सुईणीचं येणं बंद केलं. पहिले काही दिवस नेमून दिलेलं काम करावं तसं तेल लावलं. किती दिवसांनी ते आठवत नाही... तेल जिरलं होतं, अंघोळीचं पाणी काढलेलं होतं, आणि माझा हात त्या इवल्या पाठीवरून निघेना.

"अगं, पाणी निवलं!" सासूबाई ओरडल्या.

मी म्हटलं, "निवू द्या."