सासुरवाडीवरून गेलेली शर्यत

मी सायकल उत्तम चालवत असे. मला फक्त तिच्यावर चढता येत नसे, आणि उतरता येत नसे.

मधल्या भागात मात्र माझा हात धरणारा रत्नागिरीत कोणी नव्हता. (कोणी धरला असता, तर उतरायची सोय तरी झाली असती.) सायकल मला पहिल्या दिवाळसणाला सासऱ्यांनी दिलेली. विलायती, काळी कुळकुळीत, आणि माझ्यापेक्षा अंमळ उंच. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून मी आमच्या अंगणाच्या गडग्याला धरून शिकलो. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची, मांडीला लागेल एवढी भिंत. तिच्यावर डावा पाय ठेवायचा, उजवा पलीकडे टाकायचा आणि सुटायचं! परत आल्यावर गडग्याच्या कडेकडेनं येऊन डावा पाय दगडावर टेकायचा, की उतरलो. कचेरीपाशी मोरीचा कठडा होता. त्यामुळे मी रोज गडगा ते कठडा आणि कठडा ते गडगा असा ऐटीत ये-जा करी. वाटेत कोणी "अहो, थांबा की घटकाभर" म्हणालं, तर "घाईत आहे!" म्हणून तसाच पुढे. हा मुलगा मोठा कामसू, असा माझा लौकिक झाला तो असा.

त्या वर्षी शिमगा उलटल्यावर गावातल्या हौशी मंडळींनी सायकलींची शर्यत काढली. रत्नागिरीहून हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत जायचं, तिथं ठेवलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. पहिल्याला चांदीचा पेला. मी लगेच नाव दिलं. उतरता येत नाही, ही गोष्ट शर्यतीत आड येते असं मला वाटलं नाही. शर्यतीत उतरायचं असतंच कशाला?

रात्री जेवताना मी ही बातमी जाहीर केली.

"पेला काय करायचाय?" आई म्हणाली. "आहेत ते घासताना हात मोडतायत."

"पेल्याचं जाऊ दे," मी धीर करून म्हटलं. "मी जिंकलो, तर हिला महिनाभर माहेरी पाठवायची."

स्वयंपाकघरात झाऱ्याचा आवाज थांबला.

यामागची हकिकत सांगायला हवी. आमच्या कुटुंबाचं माहेर हातखंब्याच्या जरा अलीकडे, रस्त्याला लागूनच. बैलगाडीनं निघालं तर न्याहारी इथं आणि जेवण तिथं. पण लग्न झाल्यापासून ती दिवाळसणाचे चार दिवस सोडले तर तिकडे गेली नव्हती. चैत्र-वैशाखात आमच्याकडे आंबापोळ्या, फणसाची साटं, आमसुलं, आणि पुढे पाऊस. पावसानंतर गणपती. सुनेला पाठवायला पंचांगात जागाच नव्हती. ती कधी काही बोलली नाही. पण घाटाकडच्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांची घुंगरं वाजली, की ती पाण्याची कळशी घेऊन उगाच गडग्यापाशी जाई. माहेरचे बैल ती आवाजावरून ओळखायची. हे मला फार उशिरा कळलं. मी आपला समजत होतो, ती माझी सायकल बघायला येते.

"आणि आंबापोळ्या?" आईनं विचारलं. "त्या काय तुझा पेला घालणार?"

आबा, म्हणजे आमचे वडील, ताक भुरकत म्हणाले, "पहिला आला, तर धाड हो तिला."

"बरं. धाडीन," आई इतक्या चटकन म्हणाली की मला अपमानच वाटला. तिनं मला रोज गडग्यावर उतरताना पाहिलं होतं!

निजायच्या वेळी ही हळूच म्हणाली, "आमच्या दारावरूनच जाणार ना? आईला बघाल का हो? शिमग्यात ताप होता म्हणे. कशी दिसते तेवढं सांगा."

"बघायचं काय? तूच जाशील की महिनाभर!" मी म्हणालो.

"होय तर," ती म्हणाली, आणि दिवा बारीक केला.

शर्यतीच्या दिवशी दहा-बाराजण रेषेवर उभे होते. धोतरं सुतळीनं पोटऱ्यांना बांधलेली, टोप्या मागं सरकवलेल्या. मी मात्र रेषेच्या बराच मागं, मोरीच्या कठड्याला सायकल लावून उभा होतो.

"अहो, पुढे या! रेषेवर या!" शिट्टी घेतलेले गृहस्थ ओरडले.

"असू दे," मी मोठ्यानं म्हणालो. "मी इथूनच सुटतो. बाकीच्यांना तेवढी सवलत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं तर डोळे पुसले.

शिट्टी झाली. पहिला मैलभर मी शेवटचाच होतो. मग चढ लागला. तांबडी माती, वर ऊन, सायकल जाग्यावर घुटमळायला लागली. समोर पाहतो तो सगळे शूरवीर खाली उतरून सायकली ढकलतायत! बाबल्या शेट्ये हा सगळ्यांत तयारीचा गडी, तोही उतरला होता. उतरता येत असतं तर मीही आनंदानं उतरलो असतो. पण उतरायचं कसं? दोन्ही बाजूंना नुसती करवंदीची जाळी! डोळ्यांपुढे काजवे चमकले, जीभ बाहेर आली, पण पाय मारण्यावाचून दुसरा इलाजच नव्हता. एकेकाला मागं टाकत मी वर आलो.

"अरे, याच्या पायांत काय वाफेचं इंजिन आहे काय?" मागून बाबल्या ओरडला.

सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, पोचलो तेव्हा मी पहिला होतो. आयुष्यात मी कशातही पहिला आलो नव्हतो, त्यामुळे पुढं कोणी दिसेना तेव्हा वाट चुकलो असंच वाटलं.

एवढ्यात सासुरवाडीचं घर आलं. सासरे रस्त्यातच उभे. खांद्यावर पंचा, दोन्ही हात वर.

"जावईबापू! थांबा! थांबा!"

"परत येताना!" मी ओरडलो आणि सुटलो.

हे दोन शब्द मला फार महाग पडले. मी ते टाळायला म्हटले होते. त्यांनी ते ऐकले जावयानं दिलेला शब्द म्हणून.

तिठ्यावरच्या पिंपाला झकास वळसा घातला. बाबल्या बराच मागे होता. आता उतारच उतार! माझ्या डोळ्यांपुढे पेला होता, गाडीत बसून माहेरी निघालेली ही होती, आणि एकटीनं आंबापोळ्या घालणारी आईही होती.

पुन्हा सासुरवाडी दिसली. अर्ध्या रस्त्यावर सडा घातला होता. रांगोळी. पाट. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन, निरांजनाचं तबक धरून उभ्या. तरीही मी थांबणार नव्हतो, शपथ घेऊन सांगतो! मान खाली घातली, पाय जोरानं मारले. पण पाटाच्या शेजारी, माझ्या डाव्या अंगाला, सासऱ्यांनी जांभ्याचे चिरे एकावर एक रचून ठेवले होते. आमच्या गडग्याच्या उंचीचे. अगदी तंतोतंत!

मी थांबलो नाही. माझा डावा पाय थांबला. त्या बिचाऱ्याला शर्यतीचं काय कळणार? ओळखीची उंची दिसली, तो रोजच्याप्रमाणे जाऊन दगडावर टेकला, आणि मागोमाग बाकीचा मी उतरलो.

"उंची बरोबर आहे ना?" सासरे हर्षभरित होऊन म्हणाले. "कुशीनं गड्याबरोबर निरोप धाडलान. 'ह्यांना उतरायला गडगा लागतो, नाहीतर थांबायचे नाहीत,' असं सांगितलंन!"

कुशी म्हणजे आमची ही.

"अहो तात्या, शर्यत चाललीय! मी पहिला आहे!"

"मग तर ओवाळायलाच हवं! बसा!"

कुंकू लागलं, अक्षता पडल्या, समोर ताट आलं. नारळाच्या रसातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया. मी काकुळतीला येऊन म्हटलं, "मी जिंकलो, तर कुशीला महिनाभर माहेरी पाठवणार आहेत हो! मला जाऊ द्या!"

सासूबाई एरवी माझ्याशी दाराआडूनच बोलायच्या. त्या एकदम पुढे आल्या. तापानं गाल बसले होते, पण डोळे भरून आले. "खरंच का हो? येईल माझी कुशी?" म्हणाल्या, आणि त्या आनंदात त्यांनी आणखी दोन डाव रस वाढला.

अशा बाईला "पुरे" म्हणण्याची माझी छाती झाली नाही. मी खात राहिलो. समोरून बाबल्या गेला, घंटी वाजवत.

"अहो, तुम्हीही या! दोन घास घ्या!" सासऱ्यांनी आग्रह केला. बाबल्या थांबला नाही. तो कोणाचाच जावई नव्हता! मागचे दोघे मात्र थांबले आणि पाटाची वाट न बघता जेवायला बसले.

आंचवून मी धावत चिऱ्यांवर चढलो. मघाचा मी आणि शिरवाळे खाल्लेला मी, यांच्या वजनात फरक होता. वरचा चिरा डुगडुगला, सायकल एकीकडे गेली, मी दुसरीकडे, रस्त्यालगतच्या परड्यातल्या खताच्या खड्ड्यात. डोकं मऊ जागी पडलं. पाय चिऱ्याखाली आला.

हाडं बसवणारा गावातला म्हातारा आला, पाय दाबला, माझी किंकाळी ऐकून समाधानानं मान हलवली. "मोडला नाही. पण हलवायचा नाही. दोन वेळा तेल, लेप, शेक."

आता तेल कोण चोळणार, हा पेच पडला. सासूनं जावयाच्या पायाला हात लावायचा म्हणजे लोकाचार आड येई. सासरे म्हणाले, "मी लग्नात धुतले तेवढे पुरे." शेवटी त्यांनी गाडी जुंपली आणि स्वतः आमच्या घरी गेले. आईचा नाइलाज झाला. मुलगा सासुरवाडीला लंगडा पडलाय आणि सून इथं आंबापोळ्या घालतेय, हे आळीला कसं सांगणार? दिवेलागणीला हिला घेऊन गाडी सासऱ्यांच्या दारात आली. घुंगरं वाजली आणि सासूबाई निम्म्या रस्त्यात धावल्या. मी एवढा जायबंदी होऊन पडलेला, पण बराच वेळ माझ्याकडे कोणी फिरकलंच नाही!

"चिरे मांडायला कशाला सांगितलंस?" एक दिवस मी हिला विचारलं. ती फणसाच्या भाजलेल्या आठळ्या सोलत होती.

"तुम्ही पडू नये म्हणून."

"पण मी जिंकत होतो!"

"ते मला कुठं ठाऊक होतं?" ती सहज म्हणाली. "म्हटलं, जिंकणं काही होत नाही. निदान आईच्या हातचं खाऊन तरी येतील. धावत्या सायकलवरून आई कशी कळणार?"

मी एक आठळी तोंडात टाकली.

पाय आठवड्यात बरा झाला. पण ही रोज अंगठा दाबून विचारी, "दुखतं ना?"

"नाही."

ती आणखी जोरानं दाबी. "दुखतं!"

मग दुखायचं. आणि एक दिवस आई स्वतः बघायला आली. माझ्या शेजारी बसली, पाय उलटासुलटा केला. सूज नावालाही नव्हती. मग दाराशी श्वास रोखून उभ्या असलेल्या सुनेकडे तिनं पाहिलं. मागीलदारी सासूबाई लेकीसाठी फणस फोडत होत्या, त्याचा वास येत होता.

"सूज आहे हो अजून," आई म्हणाली. "महिना तरी जाईल."

आणि उठता उठता, कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "आमच्या वेळी मेला कुणाचा पाय मुरगळला नाही."

महिन्यानं आम्ही बैलगाडीतून घरी आलो, मागे वाकड्या चाकाची सायकल बांधून. सगळी आळी जमली होती. ही टुणकन उडी मारून उतरली. मी मात्र गाडीतच बसून राहिलो.

"उतर की रे! अजून दुखतोय काय?" आबा म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "गाडी जरा गडग्याच्या बाजूला घ्यायला सांगा."