झोपेत बोललेली बोली

अंगात येणं, भूतबाधा असल्या प्रकारांना मी जन्मभर हसत आलेय. म्हणूनच हे लिहिताना मान खाली जाते...

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी यवतमाळ जिल्ह्यात, मुकुटबनच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. माहेर अमरावतीचं. आमचे हे राजूरच्या कोळसा खाणीत कारकून, त्यामुळे घरी मी एकटीच. तान्ह्या मुलाला डांग्या खोकला झाला होता. रात्रभर त्याला खांद्यावर धरून बसायचं, सकाळी शेजारच्या काकूंकडे सोपवून शाळा गाठायची. सलग तासभर झोप कशी असते, तेच विसरले होते. फळ्यावरची अक्षरं हलायची, मुलांची नावं आठवेनात.

एका दुपारी चौथीला भूगोल शिकवत होते... आणि पुढचं सगळं कोरं. भान आलं तेव्हा मी टेबल धरून उभी. हनुवटीवर लाळ. वर्ग चिडीचूप, दारात हेडमास्तर. आणि तांड्यावरची शेवंता, बंजाऱ्यांची मुलगी, हमसून हमसून रडत होती.

"घरी जा बाई, झोपा जरा," हेडमास्तर एवढंच म्हणाले. मी पदरानं तोंड पुसलं. वाटलं, झोपेत पोरीला काहीबाही बोलले असणार.

दुसऱ्या दिवशी शेवंताची आई शाळेत आली. मी माफी मागणार, तोच तिनं विचारलं, "बाई, तुमाले आमची बोली कोनं शिकवली?"

त्या बोलीत आईला 'याडी' म्हणतात, यापलीकडे मला एक शब्द येत नव्हता! पण शेवंतानं घरी सांगितलं होतं — "बाई डोळे मिटून आपल्या बोलीत बोलल्या, आणि आजी मला ज्या लाडाच्या नावानं हाक मारायची, त्याच नावानं त्यांनी मला हाक मारली." ती आजी मी मुकुटबनला येण्याआधीच वारली होती. बाकीची मुलंही म्हणाली, बाई बंजारी बोलत होत्या.

मी बोलले तरी काय, असं विचारलं.

"ते आमच्या घरचं हाये, बाई," ती म्हणाली. आणि भर व्हरांड्यात, सगळ्यांदेखत वाकून तिनं माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

वणीचे डॉक्टर म्हणाले, जागरणानं मेंदू थकला की माणूस उभ्या उभ्या झोपतो, बडबडतोही. पटलं. पण न येणारी भाषा? त्यावर त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

मुलगा बरा झाला, माझी झोपही परत आली. वर्गासमोर लाळ पुसल्याची लाज काही दिवसांत ओसरली. तो नमस्कार मात्र कोणाला होता, मला की त्या आजीला, हे मला अजून कळलेलं नाही... तरी घेतला मी.