राघोबांचा डोह

राघोबांच्या मुंडाशाला माशा बसलेल्या असत आणि त्या कधी उडत नसत. कर्जत स्टेशनात मी तारमास्तर म्हणून नवा आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्या हाकलायला हात पुढे केला. राघोबा हसून म्हणाले, "राहू द्या मास्तर, चावायच्या नायत. कोंबड्याच्या पिसांच्या हायत."

राघोबा रेल्वेत सांधेवाले, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. घाटातल्या एका गोऱ्या इंजिनियराच्या हाताखाली असताना ते पिसांच्या माशीने मासे धरायला शिकले होते. गळाला गांडूळ नाही, पीठ नाही. आकड्यावर पीस नि रेशीम बांधून केलेली खोटी माशी. काम संपलं की उल्हास नदीच्या वरच्या डोहात ते मांडीभर पाण्यात उभे राहत आणि लवलवत्या काठीने ती माशी पाण्यावर अलगद टेकवत. खालून मोठ्या खवल्यांचा खडशी मासा उसळी मारून येई. एक मिळाला की राघोबा दोरी गुंडाळायला लागत. "अजून एक धरा की," म्हटलं तर म्हणत, "आजचा वाटा झाला. बाकीचं नदीचं हाय."

घाटात खडक फोडायला आणलेल्या सुरुंगाच्या कांड्या काही मजूर चोरून डोहात टाकत. लहानमोठं सगळंच मरून वर येई. राघोबांनी एकदा एकाच्या हातातली पेटती वात चिमटीत विझवली. "आयचं पोट फाडून खाशील का रं?" ते ओरडले. त्या दिवशी त्यांनी मार खाल्ला, एक दातही गमावला. पण त्यानंतर डोहात कोणी कांडी टाकली नाही.

मग मानमोडीच्या तापाची, इन्फ्लुएंझाची साथ आली. पाऊस अर्ध्यावर गेलेला, भात करपलेला आणि घरोघर माणसं आडवी. राघोबांची बायको सुरुवातीलाच गेली. तिचं दिवसकार्य उरकलं आणि ते डोहाजवळच्या ठाकरवाडीत जायला लागले. तिथे पाणी पाजायलाही कोणी उभं नव्हतं. मी नुकताच तापातून उठलो होतो. तरी सोबत जायचो.

वाडीत दाणा नव्हता. राघोबा सकाळपासून डोहात उभे राहत. पण नदी आटलेली, पाणी काचेसारखं. मासा बुजायचा, माशीकडे फिरकायचा नाही. उन्हं डोक्यावर येईतो एखादा मिळे. तो उकळून त्याचं पाणी आम्ही झोपडी-झोपडीत घोटघोट द्यायचो.

एका सकाळी ठकी नावाची तरणी बाई दारात बसली होती. मांडीवरचं मूल गेलेलं. शेजारी थोरली पोर नुसती डोळे उघडे ठेवून पडलेली. ठकी म्हणाली, "मामा, ही पण जाईल रं."

राघोबांनी काठी झोपडीला टेकवली आणि ते घाटाकडे चालू लागले. परतले तेव्हा धोतराच्या सोग्यात कांड्या होत्या.

"राघोबा, तुम्ही?"

"बोलू नका मास्तर. मला नाय जमलं, तर वात तुमी पेटवा."

वात त्यांनीच पेटवली. डोह फुगला, फुटला आणि पांढऱ्या पोटांनी भरून गेला. अंड्यांनी जड झालेल्या माद्या, बोटाएवढी पिल्लं. राघोबा छातीभर पाण्यात शिरून एकेक वेचत होते. 

वाडीने ते मासे खाल्ले, उरलेले धुरावर सुकवून पुरवले. ठकीची पोर उठून बसली. राघोबांनी घासही घेतला नाही.

साथ ओसरली. एका दुपारी आम्ही डोहावर गेलो, तर दोन मजूर वात पेटवायच्या बेतात. राघोबा धावले. त्यातला एक शांतपणे म्हणाला, "मामा, तुमीच तर केलंत. मग आमाला का नाय?"

 राघोबा कपड्यांसकट पाण्यात उतरले आणि डोहाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. "टाका," म्हणाले.

त्या दिवशी ते लोक निघून गेले. पण राघोबा रोज जाऊन उभे राहू लागले, ऐन थंडीत, जिथे आता एकही शेपटी हलत नव्हती तिथे. मी हात धरून ओढायचो, ते हलायचे नाहीत. छातीत कफ भरला तेव्हाच ते घरी पडले.

शेवटच्या दिवसांत मी शेजारी बसलो होतो. त्यांनी विचारलं, "ठकीची पोर?"

"बरी आहे. लाकडं आणायला जाते."

 ते म्हणाले, "मास्तर, परत तसाच वखत आला ना, तर परत तेच करीन मी. हेच खातंय मला."