गाईसाठी लावलेला फोन

आमच्या घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच. त्यामुळे श्रीरामपूरला वर्गात जे कळेल ते संध्याकाळी बेलापूरला घरी सांगितलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं. मानसशास्त्रात वर्तनाचा जैविक दृष्टिकोन सुरू झाला तेव्हा तर फारच. माणूस वागतो त्यामागे मेंदू, संप्रेरकं, आईबापांकडून आलेली जनुकं असतात, असं मी जेवताना सांगितलं.

"म्हंजी तू उशिरा उठतो ते आमच्यामुळं व्हय," वडील म्हणाले.

"तुमच्यामुळं. माझ्याकडचे समदे पहाटं उठत्यात," आई म्हणाली.

त्याच आठवड्यात आई सहा दिवसांसाठी अकोले तालुक्यात डोंगराकडे मावशीच्या भातलावणीला गेली आणि गाईची धार माझ्याकडे आली. आमची गाय गावरान. वासरू मोठं होऊन दुधावरून सुटलेलं, आणि ती फक्त आईच्या हाताला दूध द्यायची. पहिल्या संध्याकाळी तिने पान्हा चोरला. सकाळीही तेच. वडिलांनी कासेला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कास दगडासारखी झालीय. आज मोकळी न्हाई झाली तर सडं जातील."

मी पुस्तक काढलं. ओळखीचा वास, आवाज, स्पर्श मिळाला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा येतो; जनावर घाबरलं तर तो अडतो, असं मी त्यांना समजावलं.

"गाय न्हाई घाबरली. तुझी बोटं बघ."

मी हात खिशात घातले.

शेजारची चुलती भिंतीवरून ऐकत होती. "तिचं लुगडं नेस. तुझ्या चुलत्यानं नेसलं हुतं एकदा," ती म्हणाली. मला यात शास्त्रीयदृष्ट्या चूक दिसेना. वास तर आईचाच असणार. म्हणून मी आईची न धुतलेली साडी गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन त्या संध्याकाळी गोठ्यात बसलो.

"पदर सावर गं, सासरा बसलाय समोर," चुलती म्हणाली. वडील गंभीरपणे दुसरीकडे बघू लागले.

गाईने पदर हुंगला, थोडा चघळला. दूध मात्र आलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. तिकडे डोंगरात रेंज फक्त मारुतीच्या पारावर असते, आई तिथून बोलत होती. हात मोकळे असावेत म्हणून मी स्पीकर लावून फोन गव्हाणीत ठेवला.

"पेंड कोमट पान्यात भिजवली का? का तशीच पुढं टाकली? अन् तिच्या उजव्या अंगाला बस, कितींदा सांगायचं."

गाईचे कान फिरले. मी डाव्या अंगाला बसलो होतो, तो मुकाट्याने उजवीकडे आलो. बोटांखाली कास हळूहळू सैल पडली आणि बादलीत धार वाजली.

"आई, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीपण. मला शिव्या दे."

बादली भरेपर्यंत तिने त्या अगदी मनापासून दिल्या.

मग रोज दोन्ही वेळा धारेला आई पारावर येऊन बसायची आणि इकडून फोन व्हायचा. आईशी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त कधी न बोललेले वडील आता वेळेआधीच नंबर लावायचे. "गाईसाठी लावलाय," असं आधी सांगायचे. मग किती लावणी झाली, गुडघा दुखतो का, जेवलीस का.

"गाय कवाच मोकळी झाली," एकदा मी म्हणालो.

"असू दे. सवय ऱ्हाऊ दे तिला."

पाचव्या दिवशी वर्गात माझं सेमिनार होतं. अडखळत का होईना, मी गाईचं सगळं सांगितलं, साडीसकट. वर्ग हसला. सरांनी विचारलं, "हे गाईचं झालं. माणसाचं एखादं उदाहरण?" उदाहरण माझ्याकडे होतं. पण ते घरचं होतं. उभा राहिल्यापासून माझ्या छातीत किती धडधडतंय, एवढंच मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई आली आणि हातपाय धुऊन धारेला बसली. गाईने लगेच पान्हा सोडला. एरवी त्या वेळेला चावडीवर असणारे वडील पेंडीच्या पोत्यावर दोर वळत बसले होते. आई नेहमीसारखी गुपचूप धार काढत होती.

"बोल की कायतरी," वडील दोराकडे बघत म्हणाले. "तिला सवय लागलीय."

आईने एकदा गाईकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि मावशीच्या भाताची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.